हाकेची ओळ

ब्याऐंशीच्या जूनमधला रविवार. उरणच्या चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेआधी फादरांनी दर रविवारी स्तोत्र गाणाऱ्या कातरीनला बाजूला घेतलं. "बाय, आजचं स्तोत्र वादळात सापडलेल्या खलाशांचं आहे. दुसरं कुणी गाईल."

तिचा नवरा पास्कू तीन दिवसांपूर्वी मोरा बंदरातून होडी घेऊन गेला होता. शोधायला गेलेले हात हलवत परतले होते.

"फादर, तुमीच सांगता ना दर रविवारी, बायबलातला पाठ आपल्या घरचा समजून ऐका? आज तो खराच माज्या घरचा हाय. मीच गानार."

"पोर माझा दर्यावर, आनि हिला गानं सुचतंय!" बाकावरून सासू म्हणाली.

कातरीनचा आवाज नेहमीसारखाच मोकळा लागला. लाटा डोंगराएवढ्या उसळल्या, खलाशांचा धीर सुटला, सगळं तिनं गायलं. मग 'संकटात त्यांनी देवाला हाक मारली.' लोकांनी पालुपद म्हटलं, 'त्याची दया सरत नाही.'

तिनं तीच ओळ पुन्हा घेतली. लोकांनी पुन्हा पालुपद म्हटलं. पाचव्यांदाही तीच ओळ आली, तेव्हा पेटी थांबली.

फादर हळूच म्हणाले, "कातरीन, पुढची ओळ. त्यानं वादळ शमवलं, त्यांना सुखरूप बंदराला लावलं."

"पाठ हाय मला, फादर," ती म्हणाली. "पन ते त्यानं अजून केलं नाय. केलं की गाईन."