पनवती

"मालन, मागे उभी राहू नको! तू आलीस की विकेट पडते," आप्पा बायकोवर खेकसले.

समोर मॅच नव्हती. पणजीच्या कॅसिनोतलं पोकरचं मशीन होतं; पाच पानांतली नको ती फेकून नवी घ्यायची, सारखी पानं जुळली की पैसे. क्रिकेटच्या सट्ट्यात कोण जिंकणार, हे आप्पांना आतूनच कळायचं. फक्त बायको हॉलमध्ये नको, म्हणून मॅचभर ते तिला स्वयंपाकघरात पिटाळायचे. आताही 'फॉर्मात आहे' म्हणून त्यांनी बदामचा राजा ठेवला आणि तिर्रीची जोडी बारावा खेळाडू समजून फेकली. मशीननं पैसे गिळले.

मालनकाकू पलीकडच्या मशीनवर बसल्या. पंजीची जोडी ठेवून त्यांनी बटण दाबलं. आणखी दोन पंज्या! मशीन वरातीसारखं वाजायला लागलं.

आप्पा धावत आले. "बघितलंस? तू लांब गेलीस आणि नशीब उघडलं!"

"पटलं." काकूंनी पर्स उचलली. "आता आणखी लांब जाते, मडगावला बहिणीकडे. वर्ल्डकप संपेपर्यंत स्वयंपाकघर तुमचं."