अर्धी आग

दारात मुळीककाकू उभ्या होत्या. पाच मिनिटांपूर्वी नेलेला आमचा आग विझवायचा लाल सिलिंडर त्यांनी पदराने पुसून माझ्यापुढे धरला.

"घे गं. फार उपयोगी पडला."

सिलिंडर चांगलाच जड लागला. दर महिन्याच्या एक तारखेला तो तपासून मीच तयार ठेवते, त्यामुळे त्याचं वजन मला पाठ आहे.

"काकू, हा अजून अर्धा भरलेला आहे!"

"मग? शेजारणीची वस्तू रिकामी परत करतात होय? तेवढे संस्कार आहेत हो आमच्यावर."

"आणि आग?"

"तीही अर्धी आहे," काकू संकोचून म्हणाल्या. "एक पडदा विझला. दुसरा जळतोय."

आतून आई ओरडली, "अगं, त्यांना दारात काय उभं केलंयस? बसायला सांग!"

मी सिलिंडर घेऊन समोर काकूंच्या स्वयंपाकघरात धावले; मागोमाग काकूही आल्या. ज्वाळा आता लाकडी कपाटाला चाटत होत्या. मी पाय रोवले, नळी आगीच्या बुडाशी धरली आणि शेवटची फुसफुस संपेपर्यंत दांडी दाबून ठेवली. आग विझली. ओटा, डबे, काकू आणि मी, सगळेच मैद्यात घोळल्यासारखे पांढरे झालो.

काकूंचे डोळे भरून आले. "पोरी, घर वाचवलंस गं माझं! थांब, चहा टाकते."

आणि त्यांनी गॅसचा लायटर उचलला.

"काकू," मी थेट मुख्याध्यापकांच्या आवाजात म्हणाले, "लायटर खाली ठेवा."

त्यांनी तो मुकाट्याने माझ्या हातात दिला.

"मग सरबत चालेल का?" त्यांनी भीत भीत विचारलं.