हाजींचं वर केलेलं बोट

अलेक्झांड्रियातल्या आमच्या बाजारात ‘एकच भाव’ आणला तो कापडवाल्या हाज बन्हावींनी. त्यांच्या पुतळ्यासाठी आमच्या समितीने मूर्तिकाराशी आठ महिने घासाघीस केली. जुन्या फोटोवरून पुतळा झाला: गल्ल्यावर बसलेले हाजी आणि वर केलेलं एक बोट. आज पाटी कोरायची होती आणि बोट कशाकडे आहे यावरून समितीत दोन तट पडले होते. अध्यक्ष म्हणत होते, प्रगतीकडे. मशिदीचे शेख म्हणत होते, अल्लाकडे. शेवटी हाजींच्या पत्नीला, हाज्जा बहीगांना, बोलावून आणलं.

त्यांनी पुतळ्याभोवती एक फेरी मारली. “पोट कमी दाखवलंय.”

“बोटाचं सांगा, हाज्जा,” अध्यक्ष म्हणाले.

“अहो, या माणसाला नाही म्हणताच यायचं नाही. एखादी बाई ‘भाऊ’ म्हणाली की कापड अर्ध्या किमतीत, वर बटणं फुकट. घरी आम्ही तिन्ही त्रिकाळ मसूर खातोय! मग मीच किमती लिहून ताग्यांना टाचल्या. यांना म्हटलं, कुणी भाव पाडून मागितला तर सांगा, मालक ऐकत नाही. कोण मालक, असं विचारलं की हे बोट वर करायचे.”

“म्हणजे अल्लाच!” शेख खूश झाले.

“गिऱ्हाइकांनाही तसंच वाटायचं, मौलाना. निमूट पैसे द्यायची. दुकानाच्या वर आमचं बिऱ्हाड होतं.”

पाटीवाला छिन्नी घेऊन ताटकळला होता. “मग कोरू काय?”

“माझं नाव,” हाज्जा म्हणाल्या. “आणि त्यात कमी-जास्त होणार नाही.”