तीन नावांची गाडी

घोटीहून परत फिरून गाडी नाशिकच्या वाटेला लागली तरी हर्षाली काही बोलेना, तेव्हा गाडी चालवता चालवता संतोष तिच्याकडे चोरून बघू लागला.

गाडी नवी होती, बंद टपाची मालवाहू व्हॅन. बनणार अंबडच्या एकाच कारखान्यात, पण तीन कंपन्या तिला तीन नावांनी विकणार. पुढची जाळी आणि बिल्ला तेवढा वेगळा. दारं-सीटं हर्षालीच्या हाताखाली घडली, रस्त्यावरच्या चाचण्या संतोषकडे. एरवी संगणकापुढून न हलणारी ही पोरगी आज मुद्दाम त्याच्या शेजारी येऊन बसली होती. फेरी संपायच्या आत सांगते, म्हणाली होती. तिने नाही म्हटलं की संतोषची दोन वर्षं पाण्यात. पन्नाशी उलटल्यावर पुन्हा श्रीगणेशा करायचं बळ कुठून आणायचं?

मागे टोमॅटोचे क्रेट होते. चाचणीला सगळे वाळूच्या गोण्या भरतात. संतोषने मात्र खऱ्या मालाचा हट्ट धरला. मखमलाबादला हर्षालीच्या आईचा मळा होता. नवरा गेल्यावर छायाबाईंनी तो एकटीने राखला होता. दोन वर्षं तिथूनच माल भरायचा आणि फेरी झाली की बाजार समितीत उतरवायचा, असा शिरस्ता पडला होता.

"काका, एकाच गाडीला तीन नावं. लोकांना कळणार नाही?"

"कळू द्या की. नावावर भुलून घेतली तरी पहिल्या खड्ड्यात आतलं काय ते समजतंच."

सर्व्हिस रोडवर मेंढरं आडवी आली. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्नचा सपाटा लावला. संतोषने गाडी थांबवली आणि मेंढपाळाला 'सावकाश जा' म्हणून हात केला. हर्षाली मेंढरांकडे नाही, त्याच्याकडे बघत होती.

"तुम्हाला राग येत नाही?"

"येतो ना. पण गाडीत नाय आणत."

"आणि घरी?"

"घरी कोन हाय? भांडायलाबी माणूस लागतं."

हर्षाली हसली नाही. आपण जरा जास्तच बोललो असं वाटून संतोष मनातून खट्टू झाला.

वाडीवऱ्हेला चहा घेतला. हर्षाली लांब जाऊन फोनवर बोलत राहिली. संतोष उगाचच आरसा पुसत बसला. स्वच्छ आरसा किती पुसणार? ती परत आली तेव्हा तिचे डोळे ओले होते.

"काय ठरलं, मॅडम? तिन्ही कंपन्यांचे साहेब उद्या..."

"गाडीचं सोडा. ती पास आहे हे मला महिन्यापूर्वीच माहीत होतं."

संतोषने मान खाली घातली.

"माझी हरकत नाही," हर्षाली म्हणाली. "फक्त, आई लग्नानंतरही बाबांचंच आडनाव लावणार. चालेल ना?"