ओली सरी

"पुन्हा सांग. सावकाश," आप्पा म्हणाले आणि कोयत्यावरची कानस त्यांनी थांबवली.

नीलम चरकलीच. शिरूरच्या कॉलेजात तिचं बीएस्सी फिजिक्सचं शेवटचं वर्ष चाललेलं. तीन वर्षांत बापानं अभ्यासातलं एक अक्षर विचारलं नव्हतं. जो माणूस परीक्षा कधी ते विचारत नाही, त्याला आज एकदम टेन्सर कशाला हवा होता?

"साधं हाय, आप्पा. फील्ड म्हंजी जागोजागी जोर किती आन् कुठल्या दिशेनं. पण ढकललं एकीकडं म्हणून गोष्ट तिकडंच जाती असं न्हाई. सपाट रानात करंट चहूकडं सारखा पसरतो. सऱ्या पाडलेल्या उसात मात्र तो ओल्या सरीनं लांबवर पळतो, मधला मातीचा वरंबा ओलांडून शेजारी फारसा जात न्हाई. मग एका आकड्यानं भागत न्हाई. कुठल्या दिशेला किती, असा अख्खा तक्ता लागतो. त्यो टेन्सर."

"म्हंजी आपली डुकराची तार बांधावर, आन् माणूस लांब सरीत उभा. तरी?"

"सरी ओली आन् पाय उघडे असले तर... व्हय."

आप्पांनी कोयत्याची धार अंगठ्यानं चाचपली. "हे तुला त्या बिरदेवनं शिकवलं?"

बिरदेव तिच्या वर्गातला. दौंडचा, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातला पहिला शिकलेला. लग्न करीन तर त्याच्याशीच, हे तिनं गेल्या आठवड्यात छाती दगडाची करून सांगितलं होतं. तेव्हापासून आप्पांनी तोंडातून ब्र काढला नव्हता. चुलतबहीण करिश्मा गेल्या साली जातीबाहेर पळून गेली, तेव्हा हेच आप्पा भर ओट्यावर गरजले होते, "माझ्या घरात असं झालं तर दोघांनाबी जित्तं ठेवणार न्हाई!" आणि आप्पा म्हणजे बोलले की करणारा माणूस, हे अख्ख्या गावाला ठाऊक.

"त्याला उद्या दिवस कलताना बोलव," आप्पा म्हणाले. "घरी नगं. उसाकडं, लिंबाखाली. आन् पायवाटेनंच ये म्हणावं. दुसरीकडनं पाय टाकायचा न्हाई."

"बरं."

"पायात काय घालतो गं तो? बूट का चप्पल?"

"चप्पल. का?"

"विचारलं आपलं."

रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी आप्पांनी आईला दौंडच्या एसटीत बसवून दिलं. काय काम, ते आईनंही सांगितलं नाही. नुसता डोळ्याला पदर लावला आणि पोरीच्या गालावरून हात फिरवून गेली. मग मात्र नीलमला धीर धरवेना. ती गच्चीवर चढली.

लांब लिंबाच्या झाडाशी आप्पा तारेशी काहीतरी करत होते. मग फावडं घेऊन सरीतल्या पाण्यात उतरले.

उसाला चारी अंगांनी विजेची तार होती. डुकरांनी रान उठवलं होतं, म्हणून गावात बहुतेकांनी लावलेली. गुन्हा असतो म्हणे, पण विचारतो कोण! शेतीची लाईट या आठवड्यात दिवस मावळताना यायची. मोटारीच्या खोलीवरचा दिवा लागला की समजायचं, तार जिवंत झाली. खोलीतल्या बटणाच्या पेटीला कुलूप, आणि किल्ली आप्पांच्या करदोट्याला.

तिनं बिरदेवला फोन लावला. "येऊ नको. तुझ्या पाया पडते."

तो हसला. "अगं, सासऱ्यानं आपण होऊन बोलावलंय. न आलो तर पळपुटा म्हणतील."

"मग पायवाटेनं तरी नको. कॅनॉलच्या अंगानं ये. तिकडचं रान कोरडं हाय. लाईट यायच्या आत तार ओलांड आन् उसातच थांब. आप्पांच्या मनात काय हाय ते मी आधी बघते."

"बरं, मास्तरीणबाई."

दिवस कलला तशी ती लिंबाकडं निघाली. आज बापाच्या आडवं पडायचं तिनं ठरवलंच होतं.

आप्पा धुतलेली कापडं घालून उभे होते. समोर पाट मांडलेला. त्यावर टॉवेल, टोपी, नारळ आणि नव्या कोऱ्या कोल्हापुरी चपलांचा जोड. नारळ सोलायला कोयता शेजारी.

"अशी काय बघतीस?" आप्पांनी पाटावरची टोपी सारखी केली. "जावयाला रिकाम्या हातानं भेटत्यात व्हय? करिश्मा गेली तवा मी नगं ते बोललो. आता भाऊ माझा पोरीचं तोंड दिसंना म्हणून रडतोय. मला तसलं म्हातारपण नगं, पोरी. तुझ्या आईला बिरदेवच्या आईला आणाया धाडलंय."

नीलम बापाच्या पाया पडायला वाकली. मग अर्ध्यातच थांबली. "आप्पा, तार?"

"ह्या पायवाटेच्या अंगाची सकाळीच काढली. झोप उडवली बघ तुझ्या टेन्सरनं! बाकीची उद्या गडी लावून काढतो. म्हणून तर बजावलं, पायवाटेनंच ये म्हणावं."

"आन् पाणी?"

"पाव्हण्याचे पाय चिखलात नगंत. सकाळीच वळवून कॅनॉलकडच्या सऱ्यांत सोडलं."

तिच्या हातातला फोन वाजला.

"आलो बघ तार ओलांडून," बिरदेव धापा टाकत हसत होता. "कोरडं कसलं गं, नुसता चिखल हाय! चप्पल रुतली, काढून हातात घेतलीया."

"आप्पा, पेटी!" ती किंचाळली.

आप्पा करदोटा चाचपत पळत सुटले. उसाच्या पार पल्याड, मोटारीच्या खोलीवरचा दिवा लागला.