डबा की कम्प्युटर

"ठेवायचा कुठे आहे, आजी?" दुकानातल्या मुलीने विचारलं, आणि ताराबाईंचे कान टवकारले.

प्रश्न साधाच होता. काउंटरवर एका बाजूला टीव्हीला जोडायचा गेमचा डबा होता, कन्सोल म्हणतात तो. दुसऱ्या बाजूला काचेच्या पोटात रंगीत दिवे लावलेला, गेम खेळायचा मोठा कम्प्युटर. डबा घेतला तर तो बैठकीतल्या टीव्हीखाली बसणार, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. कम्प्युटरला टेबल लागणार, आणि टेबलाला खोली.

"आमच्या खोलीत," त्यांचा धाकटा मुलगा प्रफुल्ल म्हणाला. जरा घाईनेच म्हणाला, असं ताराबाईंना वाटलं.

महिनाभर त्या बघत होत्या. प्रफुल्लने आपल्या खोलीच्या दाराला नवी कडी बसवली होती. त्याची बायको रीता सानगडीच्या बाजारातून कुकर घेऊन आली, आणि तो कुकर स्वयंपाकघरात न येता तिच्या पलंगाखाली गेला. विचारलं तर म्हणाली, बहिणीच्या लग्नात द्यायचा आहे. बहिणीचं लग्न अजून ठरायचं होतं. आता हा कम्प्युटर. आधी कम्प्युटर आत जाईल, मग गॅस जाईल. एका घराची दोन घरं अशीच होतात, एकेक वस्तू आत नेता नेता.

दोन्ही नातवंडं पास झाली तर गेम घेऊन देईन, हे त्यांनीच कबूल केलं होतं. पण दोघांत मिळून एकच. थोरल्या खुशालची दामिनी नववीत गेली होती, प्रफुल्लचा मोनू सहावीत. वस्तू एक राहिली तर लेकरं एका जागी बसतील.

"टीव्हीले लावाले काय होते?" त्यांनी प्रफुल्लला विचारलं.

"टीव्ही त तू पाह्यतेस ना माय, संध्याकाळी. लेकरं बसले का तुले उठा लागते."

"माह्या टीव्हीची तू कायले चिंता करून राहिला?"

आईची एवढी काळजी याला कधीपासून वाटायला लागली? त्यांनी थोरल्याकडे पाहिलं. खुशाल दाराशी उभा होता, मोबाइलमध्ये डोकं घालून. तो इथेच साकोलीच्या हायस्कुलात शिक्षक होता, सानगडीच्या घरून रोज मोटरसायकलने यायचा. आज सकाळपासून त्याचा एकच धोशा होता, भंडाऱ्यालाच जाऊ, तिथे चार दुकानं बघता येतील. पण गाडी प्रफुल्ल चालवत होता, आणि त्याने ती साकोलीतच थांबवली.

"खुशाल, तू सांग बापा."

"डबाच घे माय," खुशाल तिथूनच म्हणाला. "कोनत्याबी टीव्हीले लागते. न्याले-आनाले बी सोपा."

ताराबाईंना बरं वाटलं. थोरला आपल्यापुरतं बघत नाही.

"ऐकलं?" त्या प्रफुल्लला म्हणाल्या. "दादाले समजते घर काय असते ते."

कम्प्युटरच्या काचेवर ठेवलेला हात प्रफुल्लने काढून घेतला.

दुकानातल्या मुलीने डबा भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला जोडला आणि लेकरांच्या हातात एकेक कंट्रोलर दिला. पडद्यावर नदी आली, नदीत होडी. एक वल्हं दामिनीचं, एक मोनूचं. होडी गरगर फिरली आणि खडकावर आपटली.

"अबे, मी मारते तवाच मार ना!"

"तूच उलटी मारून राहिली, ताई!"

तेवढ्यात दुकानाचे मालक जेवण करून आले. दारातल्या खुशालला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"अरे सर! बरं झालं आले. तुमचा टीव्ही सकाळीच आला जी. हा डबा बी त्याच्यासोबतच पाठवून देऊ का, इथं सेंदूरवाफ्याच्या नव्या घरी? का तुम्ही राहाले आल्यावर पाठवू?"

खुशालने मोबाइल खिशात घातला. पुन्हा काढला.

"कोनतं घर, दादा?" प्रफुल्लने विचारलं.

त्याचा चेहरा बघूनच ताराबाईंना कळलं, याला यातलं काहीच माहीत नाही.

"भाड्याचं आहे," खुशाल म्हणाला. "दामिनीची दहावी येऊन राहिली पुढच्या साली. माहं बी रोजचं जानं-येनं. सांगनारच होतो, माय."

"कधी?"

ताराबाई स्टूल ओढून बसल्या. महिनाभर त्या एकाच दारावर पाळत ठेवून होत्या. प्रफुल्ल त्यांच्या शेजारीच उभा होता. त्याला काहीतरी म्हणावं असं त्यांना फार वाटलं, पण त्याच्याकडे मान वर करून बघवेना. प्रफुल्लनेच बाटलीचं झाकण उघडलं आणि पाणी त्यांच्या पुढे धरलं.

आपल्या तोंडून काहीतरी भलतंच गेलं, एवढं मालकांच्या लक्षात आलं. त्यांनी उगाच बिलबुक पुढे ओढलं, पेन शोधलं.

"मंग... काय बांधू जी, आई? डबा का कम्प्युटर?"

मागे होडी पहिल्यांदाच सरळ चालली होती. दामिनी "एक" म्हणायची, मोनू "दोन" म्हणायचा. दोघांचे खांदे एकमेकांना लागले होते. इकडे काय झालं त्याचा त्यांना पत्ताच नव्हता.

"थांबा जी जरा," ताराबाई म्हणाल्या. "लेकरायचा डाव होऊ द्या."