मण्यांची दोरी

"ती नको, ही घे," म्हणत खेळाच्या बाईंनी मनीच्या हातातली सुती दोरी काढून घेतली आणि मण्यांची दोरी दिली. मनीने ती घेतली न घेतली, आणि हळूच खोक्यात परत ठेवून दिली.

बाईंचं डोकं सटकलं. दोरीउड्यांच्या संघात चौथी मुलगी हवी होती आणि मनीच्या तोडीची अख्ख्या शाळेत कुणी नव्हती. पोरगी काय उड्या मारायची! कोपरं बरगड्यांना चिकटलेली, फिरायचं ते फक्त मनगट. उडी बोटभर, आणि उतरायची ती चवड्यांवर, गुडघे सैल सोडून. धप्प नाही की थप्प नाही, म्हणून तर वर्गाने तिला मांजरीचं नाव दिलं होतं. बाकीच्या उड्या मारायला लागल्या की खालच्या मजल्यावरच्या वर्गातले मास्तर छताकडे बघत बसायचे. अगं म्हशींनो, मनीकडे बघा, तिच्याकडून शिका, असं बाई आठवडाभर ओरडत होत्या.

पण स्पर्धेत दोरी मण्यांचीच लागायची. चौघींचे ठोके एकदम पडताहेत का, हे परीक्षक कानांनी ऐकतात. सुती दोरी तिथे मुकी. चौथं नाव आजच द्यायचं होतं, म्हणून सगळ्या गेल्यावर बाईंनी मनीला थांबवून घेतलं होतं.

त्यांनी स्वतः तिचा पाय दोरीच्या मध्यावर ठेवला, मुठी वर ओढल्या. बरोब्बर काखेपर्यंत आल्या.

"बघ, तुझ्याच मापाची आहे. मार उड्या."

मनी उड्या मारू लागली. बाईंनी कान दिला, पण ठोका काही येईना. वाकून बघतात तर दोरी जमिनीच्या केसभर वरून जात होती. अगं, टेकू दे की तिला, बाई म्हणाल्या. मनीने टेकवली. रिकाम्या सभागृहात टक्क झालं आणि पोरगी जागच्या जागी थिजली. दोरी पायात अडकलेली, मान दाराकडे वळलेली.

बाईंना आधी हसूच आलं. परत मारायला लावलं, परत तेच. मग त्यांनी तिला जवळ बसवून विचारलं, घरी कुठे सराव करतेस. स्वयंपाकघरात, ती म्हणाली, बाबा झोपले की.

"आणि उठले तर?"

"मला नाही काही करत, बाई," मनीने लगेच सांगितलं. बाईंनी उगाच काळजी करू नये, अशा सुरात. "आईला करतात."

आठवडाभर आपण पोरींना हे शिका म्हणून सांगत होतो! बाईंना स्वतःचीच शिसारी आली. संघबिंघ गेला चुलीत, त्यांनी ठरवलं, आज हिच्या आईशी बोलायचंच. ती न्यायला येणारच होती. सुरुवात कशी करावी याची जुळवाजुळव करत बाई पाठमोऱ्या होऊन दोऱ्या आवरू लागल्या. कान मात्र जिन्याकडे होता. जिना जुना, लाकडी. चढणारं माणूस पहिल्या पायरीपासून ऐकू यायचं.

"चल गं, निघू या."

बाई दचकून वळल्या. मनीची आई अगदी मागे उभी होती. बाकाखालचं दप्तर एव्हाना तिच्या खांद्यावर होतं.

"कधी आलात?"

"मघाशीच."

"जरा बोलायचं होतं तुमच्याशी," बाई म्हणाल्या.

आईने मनीच्या हातातली दोरी घेतली, मण्यावर मणी आपटू नये अशी मुठीत गोळा केली आणि वाकून खोक्यात ठेवली. मग एकदा दाराकडे पाहिलं.

"बोला," ती म्हणाली. "पण हळू."